निरोपाची बिल्टी कोणाच्या नावावर?

कापडाच्या धंद्यातील माणसाला बिल्टी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. सुरतेहून किंवा भिवंडीहून गाठ निघाली की ट्रान्सपोर्टवाला बिल्टी फाडतो आणि तिच्यावर ज्याचे नाव, माल त्याचा. उद्या तो ट्रान्सपोर्ट बंद पडो वा आपले त्याच्याशी बिनसो, बिल्टी आपल्या नावावर असेल तर गाठ आपली. हीच गोष्ट आम्ही मोबाईलवरून जाणाऱ्या निरोपांच्या बाबतीत विसरलो आणि दोन हंगाम नुकसान सोसले. ती हकीकत व्यापारी बंधूंसमोर ठेवीत आहोत, कारण आमच्या यवतमाळ जिल्ह्यातले दुकानदार, टेलर मास्टर आणि लहान कारखानदारही आता स्वतःचे ॲप करून घेऊ लागले आहेत आणि त्या ॲपमधून ग्राहकाला निरोप कोणाच्या हाती पाठवावा, हा प्रश्न प्रत्येकापुढे येणार आहे.

आमचे दुकान कापडाचे, त्याला जोडून शिलाई आणि शाळेचे गणवेश. हाताखाली बारा कारागीर. विदर्भातील शाळा उन्हाळ्यामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे गणवेशाचे सगळे काम पंधरा-वीस दिवसांत अंगावर येते. एका जूनमध्ये राळेगावकडील एक बाई दोन मुलांचे गणवेश नेण्यास एसटीने आल्या. कपडे तयार नव्हते. चार दिवसांनी पुन्हा आल्या, तेव्हाही एकच तयार होता. एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे हे खरे, पण निंदणाचा रोज तर पूर्ण बुडतो. त्या काही बोलल्या नाहीत, पैसे मोजून निघून गेल्या, आणि पुढच्या वर्षी आल्या नाहीत. चूक कारागिराची नव्हती, आमच्या निरोपाची होती.

म्हणून येथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकलेल्या मोहल्ल्यातील एका तरुणाकडून आम्ही लहानसे ॲप करून घेतले. माप, कापडाचे मीटर, कोणत्या मास्टरकडे काम दिले, कधी तयार होणार, हे सर्व त्यात भरायचे आणि कपडा इस्त्री होऊन खुंटीला लागला की ग्राहकाला आपोआप निरोप जायचा. ॲप महिन्यात झाले. मग तो म्हणाला, “चाचा, आता प्लॅटफॉर्म निवडा,” आणि तीन कंपन्यांची दरपत्रके समोर ठेवली. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले, इंग्रजी दरपत्रक वाचायला आमचे नातू लागतात. सगळ्यांत खालचा भाव पाहिला आणि बोट ठेवले. तेथेच पाय घसरला.

आधी ‘एपीआय’ या शब्दाची भीती घालवू. ट्रान्सपोर्टच्या बुकिंगची खिडकी असते. आत गोदाम कसे आहे, ट्रक कोणत्या रस्त्याने जातो, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. ठरलेल्या फॉर्मवर नाव, गाव, नग लिहून खिडकीत द्यायचे आणि नंबर घ्यायचा. एपीआय ही तशीच खिडकी आहे, फक्त तिच्यापुढे माणूस नव्हे तर आपले ॲप उभे राहते. ते ग्राहकाचा नंबर आणि मजकूर आत देते, आतून निरोपाचा क्रमांक मिळतो. निरोप पोचला की ती कंपनी उलट आपल्या ॲपला कळविते. याला वेबहुक म्हणतात, आमच्या भाषेत पोच. आणि खिडकीवर आपली ओळख पटविणारी जी गुप्त अक्षरे असतात ती एपीआय की. ती ज्याच्या हाती, त्याने पाठविलेल्या प्रत्येक निरोपाचे पैसे आपल्या खात्यातून जाणार. सही केलेला कोरा चेक जितका सांभाळतो तितकीच ती सांभाळावी. ती ग्राहकाच्या मोबाईलवर जाणाऱ्या ॲपमध्ये कधीही ठेवू नये, कारण जाणकार माणूस ती तेथून काढून घेऊ शकतो; आपल्या सर्व्हरवरच ठेवावी.

आता पहिली ठेच. २०२३ च्या रमजानात एक विक्रेता आला. त्याच्याजवळ व्हॉट्सॲपवरून हजारो निरोप पाठविण्याचे पॅनेल होते. महिन्याचे भाडे एकदा द्या, निरोप मोजायचे नाहीत, नंबर तुमचाच वापरा. आम्ही दुकानाचा वर्षानुवर्षांचा नंबर त्याला जोडून दिला आणि ईदच्या मालाचा निरोप तीन हजार लोकांना सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नंबर व्हॉट्सॲपने बंद केला. ईदला दहा दिवस, आणि ग्राहकांची मापे, फोटो, उधारीची बोलणी, सगळी त्या नंबरवर. विक्रेता म्हणाला, दुसरे सिम घ्या. नंतर समजले की हे पॅनेल व्हॉट्सॲपच्या परवानगीशिवाय, फोनवरचे साधे ॲप यंत्राने हलवून चालते आणि असा नंबर आज ना उद्या बंद होतोच. भाव पुसावा, पण रस्ता अधिकृत आहे का हे आधी पुसावे.

दुसरी ठेच यापेक्षा मोठी. व्हॉट्सॲप सोडून साध्या एसएमएसकडे वळलो. ओळखीच्या एका पुरवठादाराने सांगितले, नोंदणीच्या भानगडीत तुम्ही पडू नका, माझ्या नावावर सर्व तयार आहे. २०२४ च्या जूनमध्ये निरोप छान गेले. लोकांना सहा इंग्रजी अक्षरांचे ते नाव ओळखीचे झाले. पुढे त्याने भाव वाढविला, मग फोन उचलणे सोडले, आणि एके दिवशी निरोप थांबले. आम्ही दुसऱ्या कंपनीकडे गेलो तर तेथे कळले की ती सहा अक्षरे, मजकुराचे सर्व मंजूर नमुने आणि पोचीच्या नोंदी त्याच्या नावावर आहेत. बिल्टी त्याची, म्हणून माल त्याचा.

येथे कायद्याची बाजू नीट सांगणे जरूर आहे, कारण आमच्या मते प्लॅटफॉर्म निवडण्याचे निम्मे काम याच ठिकाणी होते. दूरसंचार नियामक ट्रायने २०१८ मध्ये व्यापारी निरोपांचे नवे नियम केले. त्यानुसार एसएमएस पाठविणाऱ्या प्रत्येक धंद्याने मोबाईल कंपन्यांच्या डीएलटी नावाच्या नोंदवहीत स्वतःची नोंद करावयाची असते. त्यानंतर निरोपावर दिसणारे सहा अक्षरी नाव, म्हणजे हेडर, मंजूर करून घ्यायचे आणि मग मजकुराचा नमुना. नमुन्यात ग्राहकाचे नाव, पावतीचा क्रमांक अशा बदलत्या जागा मोकळ्या सोडता येतात; बाकी मजकूर जसाच्या तसा गेला पाहिजे. आमच्या तरुणाने एका ठिकाणी एक स्वल्पविराम जास्त टाकला होता, तर दोन दिवस सगळे निरोप परत आले.

ही ताळणी किती कडक असते याचा अनुभव साऱ्या देशाने ८ मार्च २०२१ रोजी घेतला. त्या दिवशी मोबाईल कंपन्यांनी प्रत्येक निरोप नोंदलेल्या नमुन्याशी ताडून पाहण्यास सुरुवात केली. अनेक बँका आणि मोठ्या कंपन्यांचे नमुनेच नोंदलेले नव्हते. ओटीपी अडकले, पैशांचे व्यवहार थांबले, कोरोनाच्या लसीची नोंदणी खोळंबली. दुसऱ्या दिवशी ट्रायला ही ताळणी सात दिवसांसाठी स्थगित करावी लागली. इतक्या मोठ्यांची ही गत, तर तुमची-आमची काय कथा!

त्यानंतर नियम वाढतच गेले. १ ऑक्टोबर २०२४ पासून मजकुरात इंटरनेटचा दुवा असेल तर तोही आधी नोंदवावा लागतो, नाहीतर निरोप अडतो. ११ डिसेंबर २०२४ पासून निरोप मूळ धंद्यापासून मोबाईल कंपनीपर्यंत कोणाकोणाच्या हातून गेला ती साखळी जाहीर असावी लागते. मे २०२५ पासून हेडरच्या शेवटी एक अक्षर दिसते: जाहिरातीस पी, सेवेस एस, व्यवहारास टी, सरकारी निरोपास जी. ‘कपडे तयार आहेत’ हा सेवेचा निरोप. ‘ईदचा नवा माल आला’ ही जाहिरात, आणि ज्याने जाहिराती नको म्हणून १९०९ वर नोंद केली आहे त्याच्यापर्यंत ती जाऊ नये असाच कायदा आहे. सेवेच्या नमुन्यात जाहिरात घुसवून देतो असे जी कंपनी सांगेल तिच्या दारात उभे राहू नये. तक्रार झाली तर हेडर आपले बंद होते, तिचे नाही.

या साखळीचाच आपल्याला फायदा आहे. नोंदणी आपल्या नावावर असेल तर प्लॅटफॉर्म बदलताना हेडर आणि नमुने तेच राहतात, फक्त साखळीतील मधला दुवा बदलावा लागतो. ट्रान्सपोर्ट बदलला तरी दुकानाचे नाव बदलत नाही, तसे. म्हणून आता कोणी कंपनी आली की आमचा पहिला प्रश्न भावाचा नसतो. नोंदणी कोणाच्या नावावर, आणि आम्ही सोडून जायचे ठरविले तर काय काय बरोबर नेता येईल, हे आम्ही विचारतो. उत्तर देताना समोरचा अडखळला की चहा पाजून रवाना करतो.

भावाकडे वळताना एक हिशेब मराठी दुकानदाराने स्वतः करावा, कारण दरपत्रकात तो नसतो. इंग्रजी अक्षरांतील एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात. देवनागरीत फक्त ७०. शिवाय यंत्र काना, मात्रा, उकार सुटे मोजते. ‘तुमचे कपडे तयार आहेत’ यात डोळ्यांना बारा अक्षरे दिसतात. यंत्र मोकळ्या जागांसह वीस मोजते. मजकूर सत्तरच्या पुढे गेला की त्याचे तुकडे पडतात आणि मग प्रत्येक तुकड्यात ६७ च मावतात. म्हणजे १४० चा मजकूर दोन निरोपांत नव्हे, तीन निरोपांत जातो आणि तिन्हींचे पैसे लागतात. उर्दूला मात्रांचा जाच नाही, पण सत्तरची मर्यादा तिलाही आहे. पुष्कळ दुकानदार यावर तोड म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात. आम्ही तसे केले नाही. ज्या बाईसाठी हा सारा खटाटोप, तिला मराठी अक्षर वाचता येते, इंग्रजी नाही. आम्ही मजकूर कापून सत्तरच्या आत बसविला. ‘आपले सेवाभावी दुकान’ वगैरे शोभेची सगळी झालर उडवली. कपडा तयार, पावती अमुक, दुकानाचे नाव, एवढेच ठेवले.

पुन्हा व्हॉट्सॲप. अधिकृत मार्गाने गेले तर ते वाईट नाही, उलट शिलाईच्या धंद्याला फार सोयीचे आहे. मेटा कंपनीने २०२२ पासून क्लाउड एपीआय सर्वांना खुले केले, तेव्हापासून मध्यस्थाशिवायही तिच्याशी जोडता येते; मात्र त्याला सवड असलेला प्रोग्रामर पाहिजे. मध्यस्थ प्लॅटफॉर्म घेतला तर तो मेटाच्या भावावर आपली दलाली ठेवतो, कोणी दर निरोपामागे, कोणी महिन्याच्या भाड्यात. १ जुलै २०२५ पासून मेटा प्रत्येक पोचलेल्या निरोपाचे पैसे घेते आणि जाहिरातीचा भाव कामाच्या निरोपाच्या कित्येक पट असतो. पण ग्राहकाने आधी आपल्याला निरोप धाडला तर पुढचे चोवीस तास उत्तर आणि कामाचे निरोप फुकट. आम्ही पावतीवर क्यूआर छापून घेतला आहे. माप देताना ग्राहक तो स्कॅन करून ‘सलाम’ किंवा ‘नमस्कार’ लिहितो. खाते उघडताना मेटाकडील बिझनेस खाते दुकानाच्या नावाने आणि पासवर्ड आपल्याजवळ असावा, हे वेगळे सांगायला नको. नंबर एका प्लॅटफॉर्मवरून दुसरीकडे नेताना त्याच्यावरील सहा आकडी पिनचे कुलूप आधी काढून घ्यावे लागते. कुलूप जुन्या कंपनीने घातलेले असेल तर पुन्हा तिचे पाय धरणे आले. तसेच जोडलेला नंबर फोनवरच्या साध्या व्हॉट्सॲपमध्येही चालू राहील का, हे आधी लेखी विचारावे. काही व्यवस्थांत राहतो, काहींत नाही.

कंपनी देशी घ्यावी की परदेशी, असेही विचारले जाते. या धंद्याचे जगात मोठे नाव अमेरिकेच्या ट्विलिओचे, २००८ ची कंपनी. आपल्याकडे गपशप २००४ ची, मुंबईची रूट मोबाईलही २००४ ची, बंगळुरूची एक्झोटेल २०११ ची. इंदूरची एमएसजी९१ लहान दुकानदारांत बरीच चालते. आम्ही कोणाची शिफारस करीत नाही. एवढेच पाहावे की निरोप देशी मार्गाने, आपल्या हेडरने जाणार की परदेशातून फिरून येणार. परदेशी मार्गाच्या एका एसएमएसचा खर्च कित्येक रुपये होतो, तोच देशी मार्गाने पैशांत होतो. बाहेरच्या कंपनीला दुसऱ्या देशांत ग्राहक असलेला निर्यातदार गेला तर समजते. आमचे ग्राहक घाटंजी, आर्णी आणि पांढरकवड्याचे.

तिसऱ्या खेपेस आम्ही दोन कंपन्यांकडे थोडे थोडे पैसे भरून आठ दिवस परीक्षा घेतली. चार मोबाईल कंपन्यांचे नंबर जमविले, त्यांत झरी-जामणीकडील एका कारागिराच्या भावाचा बीएसएनएलचा नंबर मुद्दाम घेतला. रोज सकाळ-संध्याकाळ निरोप सोडायचा आणि फोन करून विचारायचे, आला का, किती वाजता? एका कंपनीच्या कागदावर सर्व निरोपांपुढे ‘पाठविला’ असे होते; झरीचा माणूस सांगत होता, दोन आलेच नाहीत. ‘पाठविला’ म्हणजे गाठ गोदामातून निघाली, ‘पोचला’ म्हणजे उतरली. दुसरीच्या कागदावर हे दोन्ही वेगळे दिसत होते आणि न पोचल्याचे कारणही लिहिलेले होते. तिचा भाव दोन पैसे जास्त होता. तीच घेतली.

भावाच्या बाकी खाचाखोचा थोडक्यात. १८ टक्के जीएसटी धरून भाव विचारावा. आगाऊ भरलेल्या पैशांना मुदत आहे का, ते पाहावे. स्वस्त पॅकचा पैसा अनेकदा तीन महिन्यांत बुडतो. न पोचलेल्या एसएमएसचे पैसे कापतात का, हेही विचारावे, पुष्कळजण कापतात. आणि ॲपमध्ये ओटीपी मागण्याची सोय असेल तर दिवसाची मर्यादा घालून घ्यावी. यंत्राने हजारो ओटीपी मागवून दुसऱ्याच्या पैशावर कमाई करणारे चोर आहेत. २०२२ मध्ये ट्विटर विकत घेतल्यानंतर इलॉन मस्क यांनी या प्रकारात कंपनीचे वर्षाला सहा कोटी डॉलर जात असल्याचे सांगितले होते. आपले हजार रुपये गेले तरी पुरे.

एक गोष्ट कोणत्याही कंपनीच्या हातात नाही. शेतकरी ग्राहकाने दिलेला नंबर त्याचाच असेल असे नाही. २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी ठेवली, तेव्हा मोबाईल घेऊन दुसऱ्याच्या दुकानात, पुतण्याच्या घरी ओटीपीसाठी हिंडणारे कास्तकार आम्ही पाहिले. आमच्याकडेही तेच झाले. बापाच्या कुडत्याचा निरोप पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाला गेला. त्याने संध्याकाळी घरी फोन केला, तोवर बाप गावी परतलेला. आता माप घेताना मास्टर तीन गोष्टी विचारतो: नंबर कोणाचा, वाचता येते का, आणि निरोप पाठविण्यास तुमची इजाजत आहे का. इजाजतीची खूण पावतीवर आणि ॲपमध्ये राहते. हे सौजन्य आहेच, शिवाय वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याखाली आलेले नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, त्यांतही ग्राहकाची संमती हाच पाया आहे. नंबरांची यादी ही अमानत. कंपनीशी करार करताना ती आमची यादी दुसऱ्या कोणास देणार नाही आणि आम्ही सोडल्यावर पुसून टाकील, ही दोन वाक्ये आम्ही लिहून घेतली. ज्यांना वाचता येत नाही त्यांना अजून आमचा मुलगाच फोन करतो. यंत्राच्या आवाजातील फोन करून पाहिला; म्हाताऱ्या माणसांनी ‘बँकवाले आले’ म्हणून ठेवून दिला.

डीएलटीच्या नोंदणीस पॅन, जीएसटीचे प्रमाणपत्र आणि दुकानाच्या लेटरहेडवर अधिकारपत्र लागले. शुल्क कंपनीगणिक वेगळे आहे, काही हजारांच्या घरात, आणि एका मोबाईल कंपनीकडे नोंद केली की बाकीच्यांकडेही ती चालते. आमचा अर्ज एकदा परत आला, कारण पॅनवर मालकाचे नाव आणि पाटीवर दुकानाचे; दोन्हींचा संबंध दाखविणारा कागद जोडल्यावर मंजूर झाला. हेडर आणि नमुन्यांसह आम्हांस तीन आठवडे लागले. गणवेशाचे काम ज्यांच्याकडे आहे त्यांनी एप्रिलमध्येच अर्ज टाकावा, मे महिन्यात लग्नसराईचे कपडे आणि उन्हाळा यांतून डोके वर निघत नाही.